पान उलटेपर्यंत

बंद दाराआडून स्वतःचाच आवाज ऐकू आला, तर माणसाने काय करावं? शहाण्या माणसाने खाकरावं आणि पुढे चालू लागावं. इमारतीत जिला सगळे शाई म्हणत, तिने दाराला कान लावला.

"जाता जाता ऐकून जा… तू मला—"

आत कुणीतरी गाणं मागे नेलं. पुन्हा तेच. "तू मला—" परत मागे. "तू मला—"

आवाज तिचाच, शंकाच नको. जरासा बसका, वरच्या सुराला हळूच हात लावून पळणारा. शाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती आली होती कॉपी मशीन शोधायला, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या मशीनने सकाळीच मान टाकली होती. दुसऱ्या मजल्यावर तिचं येणं असं नसायचंच. या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे लोक गात, दुसऱ्या मजल्यावरचे चित्रं काढत आणि जिन्यात समोरासमोर आले तर एकमेकांना नुसती मान हलवत. सिनेमा मात्र दोघांचा एकच होता.

तिने दार ढकललं, आणि जे दिसलं ते पाहून तिला हसावं की पळावं कळेना.

टेबलाशी एक तरुण बसला होता. तिशीच्या आतबाहेरचा, दाढी वाढू द्यायची की नाही हे अजून न ठरलेला. समोर हातभर आरसा. आणि हा गडी आरशात बघत, ओठांचा चंबू करत, भुवया वर नेत, लाजत-बिजत, चक्क शाईच्या आवाजात गात होता! म्हणजे आवाज स्पीकरमधून येत होता, तोंड तेवढं त्याचं हलत होतं.

"माफ करा," शाई म्हणाली, "कॉपी मशीन कुठे आहे?"

तो जागच्या जागी थिजला. चंबू तसाच राहिला.

"पुन्हा बोला," तो आरशातूनच म्हणाला.

"काय?"

"जे आत्ता बोललात ते."

"कॉपी मशीन… कुठे… आहे?" शाईने लहान मुलाला समजवावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

त्याच्या हातातली पेन्सिल टेबलावरून घरंगळत खाली गेली. "तुम्ही! 'आ'च्या आधी छोटासा श्वास घेता तुम्ही. 'आहे'च्या आधी घेतलात ना आत्ता? 'आवडतोस'च्या आधी अगदी तस्साच आहे!"

आता, पहिल्याच भेटीत एखाद्या अनोळखी पुरुषाने आपला श्वास ओळखावा, हे कानाला कितीही गोड वाटलं तरी त्यावर पटकन उत्तर सुचत नाही. शाईने हातातले कागद छातीशी धरले आणि म्हणाली, "मशीन डावीकडे की उजवीकडे?"

तिचं खरं नाव कागदोपत्री होतं, पण इमारतीत ते कुणी वापरत नसे. उजव्या हाताचं मधलं बोट बारा महिने निळं, म्हणून ती शाई. तिचं काम नोटेशन उतरवण्याचं. संगीतकार सरांचा कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नव्हता. ते पेन्सिलीने पाच रेघांवर कोंबडीचे पाय काढत आणि शाई त्यातून वादकांना आणि गायकांना वाचता येईल असं स्वच्छ गाणं बाहेर काढी. शिवाय पियानो बऱ्यापैकी वाजवायची. आणि अडीअडचणीला गायची.

या सिनेमात अडचण अशी आली की मोठ्या गायिकेला चार महिने सवड नव्हती. चित्रं तर सुरू करायची होती, आणि चित्रांतल्या माणसांचे ओठ गाण्यावर हलायचे तर गाणं आधी हवं. सरांनी शाईला पियानोवर बसवलं आणि म्हणाले, "तू गाऊन टाक. कच्चं आहे, चित्रवाल्यांच्या उपयोगापुरतं. नंतर पुसून टाकू." शाईने गाऊन टाकलं आणि ती ते विसरूनही गेली.

तो मात्र विसरला नव्हता. तो ते रोज ऐकत होता.

"बसा ना," तो म्हणाला. मशीन उजवीकडे होतं हे सांगायचं त्याने सोयिस्करपणे टाळलं. "तुम्हाला दाखवल्याशिवाय सोडलं तर मला पाप लागेल."

त्याने पडद्यावर तुकडा लावला. नुसत्या पेन्सिलीच्या रेघा, रंग नाहीत. सिनेमाची गोष्ट शाईला ठाऊक होती: दीपगृहात राहणारी एक मुलगी, आणि वाट चुकून तिच्या खिडकीशी अडकलेला एक चिमुकला ढग. हे शेवटचं गाणं. वारा सुटलाय, ढगाला जायलाच हवं, आणि मुलीला त्याला काहीतरी सांगायचंय.

"जाता जाता ऐकून जा… तू मला—"

मुलगी थांबली. नजर खाली गेली. बोटांनी फ्रॉकची कड धरली, तिची एक घडी घातली… सळ्‌कन आवाज आला… मग तिने मान वर केली. डोळे अगोदर हसले, ओठ मागून.

"—आवडतोस."

शाई पडद्याकडे वाकली. रेघाच होत्या त्या, पण त्या मुलीच्या जागी आपण उभ्या आहोत असं तिला क्षणभर वाटून गेलं.

"दीड सेकंद," तो हळूच म्हणाला. "छत्तीस चौकटी, म्हणजे छत्तीस चित्रं. अकरा दिवस लागले मला. अख्ख्या सिनेमात मी काढलेलं सगळ्यात चांगलं हेच. पण ते माझं नाही हो, तुमचं आहे. सांगून टाकायच्या आधी तुम्ही जे थांबलात ना… फ्रॉकची सळसळसुद्धा ऐकू येते! एक विचारू? रागावणार नसाल तर?"

"विचारा."

"त्या वेळी कोणाचा विचार करत होतात?"

आणि इथे शाईच्या तोंडचं पाणी पळालं. कारण तिला लख्ख आठवलं. ती कोणाचाच विचार करत नव्हती. ती पान उलटत होती.

त्याचं असं झालं होतं. सरांनी गाणं दिलं तासभर आधी. घाईघाईत उतरवताना पहिल्या पानावरच्या रेघा संपल्या नेमक्या 'तू मला'वर. 'आवडतोस' गेलं दुसऱ्या पानावर. नोटेशन उतरवणाऱ्याला शिकवला जाणारा पहिला नियम असा की वाजवणाऱ्याचा एक हात मोकळा असेल तिथेच पान संपवायचं. तिथे तिचे दोन्ही हात सुरांत गुंतलेले. मग काय, गाणं थांबलं, हात उचलला, सळ्‌कन पान उलटलं, पुढची ओळ सापडली तेव्हा हायसं वाटलं आणि बाईसाहेब पुढे गायल्या. फ्रॉक नव्हता, लाज नव्हती, कोणी मनातला नव्हता. एक गलथानपणा होता, बस्स.

"सांगा ना," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एवढी उत्सुकता होती की खरं बोलणं म्हणजे लहान मुलाचा फुगा फोडण्यासारखं वाटलं असतं.

"असंच… कोणाचा नाही," शाई म्हणाली, आणि नको तेव्हा लाजली.

"कळलं," तो म्हणाला आणि पेन्सिल शोधायला टेबलाखाली गेला. बराच वेळ वर आला नाही.

त्यानंतर शाईला दुसऱ्या मजल्यावर फार कामं निघू लागली. वरचं मशीन दुरुस्त होऊन आलं, तरी खालच्याची छपाई कशी अधिक काळी येते हे ती सगळ्यांना पटवून देऊ लागली. आणि तोही "एका ओळीचं तोंड नीट दिसत नाही" म्हणून तिला आरशासमोर बसवू लागला.

"म्हणा, 'खिडकी उघडी ठेवीन मी.'"

"खिडकी उघडी ठेवीन मी."

"हनुवटी नका वर करू."

"माझी हनुवटी जन्मापासून इथेच आहे."

"असू दे, चांगल्या जागी आहे," तो पुटपुटायचा आणि कानामागे पेन्सिल खोचायचा. तिथे आधीच एक असायची.

त्याने तिला त्याचा तक्ता दाखवला: लांबच लांब कागद, उभ्या चौकटी, आणि एकेका चौकटीत तिच्या गाण्याचं एकेक अक्षर. 'जा'ला सात चौकटी, 'ता'ला पाच. तिने जिथे श्वास घेतला तिथे त्याने बारीक टिंब दिलं होतं. मग तिने त्याला आपलं पान दाखवलं. हा काळा ठिपका म्हणजे सूर, ही शेपटी म्हणजे लवकर आटप, आणि हे वाकडंतिकडं चिन्ह म्हणजे गप्प बस.

"गप्प बसायलाही चिन्ह लागतं तुम्हाला?"

"तुम्हाला लागलं असतं तर बरं झालं असतं."

तो खो खो हसला. खिडकीबाहेर बारीक पाऊस पडत होता आणि दोघांच्या कपांतला चहा गार होत होता. त्या दिवशी शाई वर गेली ती चुकून चौथ्या मजल्यापर्यंत गेली.

पण मनात एक कुसळ होतं. तो अधूनमधून, अगदी सहज विचारल्यासारखं, विचारायचा: "ते… तेव्हाचे कोण ते… बरे आहेत ना?" शाई विषय बदलायची. आणि जितक्या वेळा बदलायची तितकं खरं सांगणं अवघड होऊन बसायचं. त्याला आवडतात ते दीड सेकंद, ती मनाशी म्हणायची. ते तर माझे नाहीतच. उद्या कळलं की ही बाई लाजत नव्हती, कागद चाळत होती, तर हा माझ्याकडे ढुंकून तरी बघेल का?

त्यात गायिकेची तारीख आली, शुक्रवारची. सरांनी शाईला पक्कं नोटेशन करायला सांगितलं. तिने ते केलं, आणि सुरेख केलं: 'तू मला आवडतोस' एका ओळीत, एका पानावर, मध्ये तसूभर फट नाही. सरांनी लिहिलं होतं तसंच. उतरवून झाल्यावर ती त्या ओळीकडे बघत बसली. आपल्याच हाताने आपण ती मुलगी मुकी केली होती. नव्या गाण्यात गायिका थांबणार नाही, आणि पडद्यावरची मुलगी मात्र थांबणार. ओठ मिटलेले, आणि शब्द पुढे निघून गेलेला. मग ते दीड सेकंद कापून टाकावे लागणार, दुसरा इलाजच नाही. अकरा दिवस केराच्या टोपलीत.

शाई आत्याजवळ राहायची. आत्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेली, त्यामुळे घरात कोणी खोटं बोललं तर त्याने बूट काढायच्या आधी तिला कळायचं. गुरुवारी संध्याकाळी आत्या इस्त्री करत होती आणि शाई तिच्यापुढे घड्या घालत होती. एकच रुमाल तिने चौथ्यांदा उलगडून घातला.

"रुमालावर राग आहे की माणसावर?" आत्याने विचारलं.

शाईने सगळं सांगून टाकलं. ऐकताना आत्याने इस्त्री उभी करून ठेवली, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे ओळखावं.

"दाढी आहे का त्याला?"

"आत्या! ते महत्त्वाचं आहे का?"

"आधी विचारून ठेवलेलं बरं. हे बघ, तुझी चूक पानाची होती, ती माफ. नंतर तू मूग गिळून बसलीस, ती नाही. त्याचं अकरा दिवसांचं काम उद्या बुडेल, आणि का बुडालं हे त्याला कळणारही नाही. तुला त्याची काळजी आहे की त्याच्या डोळ्यांतल्या तुझ्या प्रतिमेची?"

शाईला उत्तर ठाऊक होतं. तिने रुमाल पाचव्यांदा उलगडला.

शुक्रवारी ती तासभर लवकर आली आणि थेट दुसऱ्या मजल्यावर गेली. वाक्य पाठ केलं होतं. पण आरसा होता, पेन्सिली होत्या, तो नव्हता. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी सांगितलं, "त्याला सरांनी वर बोलावलंय. गाणं चित्राशी जुळतं का बघायला." शाई जिन्याकडे वळली. जे एकट्यात सांगायचं होतं ते आता चारचौघांत सांगावं लागणार होतं.

रेकॉर्डिंगच्या खोलीत गायिका काचेपलीकडे उभी होती. मोठं नाव, पण बाई साधी, पायातल्या चपला काढून गाणारी. काचेच्या अलीकडे सर, रेकॉर्डिस्ट, आणि कोपऱ्यात तो. शाईला पाहून त्याने हळूच दोन बोटं हलवली. पडद्यावर मुलगी गाऊ लागली, कानात गायिकेचा आवाज. काय आवाज होता! मध नुसता. आणि मग—

"जाता जाता ऐकून जा, तू मला आवडतोस."

पडद्यावर मुलगी नजर खाली घालून फ्रॉकची घडी घालत होती आणि 'आवडतोस' तिच्या मिटल्या ओठांवरून निघून गेलं होतं. कोणीतरी "अरेरे" म्हणालं.

"मुलगी का थांबते?" सर म्हणाले. "मी तिथे थांबा लिहिलेलाच नाही. चित्र कापा."

कोपऱ्यातून तो पुढे आला. "सर, मूळ गाण्यात आहे. कच्च्या गाण्यात. मी ऐकूनच…" त्याने शाईकडे पाहिलं. "यांनी तिथे मनापासून—"

"नाही," शाई म्हणाली.

सगळे वळले. आता मागे फिरणं नव्हतं.

"मनापासून नाही. मी पान उलटत होते. मी चुकीच्या जागी पान संपवलं होतं, माझे हात गुंतले होते, म्हणून थांबले. ती सळसळ कागदाची आहे, फ्रॉकची नाही. मी… मला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं." शेवटचं ती त्याच्याकडे बघून म्हणाली. आवाज अगदी बसला होता.

"पान?" तो म्हणाला.

"पान."

"बरं," तो म्हणाला, आणि मान खाली घातली. ती मान एवढी खाली गेली की शाईला त्याचा चेहरा दिसेना. तिला वाटलं, संपलं.

सरांनी शाईचं जुनं गाणं चित्रासोबत लावायला सांगितलं. एकदा बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं. चष्मा काढून पुसला.

"गाढवपणा आहे," ते म्हणाले, "पण मला सुचायला हवा होता. थांबून गा हो, बाई. दीड सेकंद."

गायिका थांबून गायली. बरोबर दीड सेकंद, एक कणही इकडेतिकडे नाही, आणि तरी काहीतरी मेलेलं होतं. पुन्हा गायली. पुन्हा. काचेपलीकडे तिने हात टेकले. "मला थांबा दिसतो, पण कशासाठी थांबायचं ते नाही सापडत. मी मोजतेय हो!"

आणि मग शाईच्या डोक्यात ती गोष्ट आली.

"सर, दहा मिनिटं द्या. आणि जाड कागद."

तिथेच, पियानोच्या झाकणावर कागद ठेवून तिने शेवटचं पान नव्याने उतरवायला घेतलं. 'तू मला'पाशी पान संपलं. 'आवडतोस' पलीकडे गेलं. सर खांद्यावरून बघत होते.

"पहिला नियम काय शिकवला होता तुला?"

"हात मोकळा असेल तिथेच पान संपवायचं."

"मग हे काय?"

"आज तो मोडायचाय, सर," शाई म्हणाली. "त्यांच्या हाताला काम मिळालं की त्या मोजायचं विसरतील."

पानावरची शाई अजून ओली होती तेव्हाच ते काचेपलीकडे गेलं. गायिकेने ते स्टँडवर ठेवलं, बघितलं आणि डोळे मिचकावले. गाणं सुरू झालं.

"जाता जाता ऐकून जा… तू मला—"

तिची नजर पानाच्या कडेशी गेली. हात पुढे आला. जाड कागद एकदा निसटला, तिने तो पुन्हा पकडला, स्वतःशीच किंचित हसली… सळ्‌कन. सळसळ ऐकून रेकॉर्डिस्टचा हात थांबवायला वर गेला, सरांनी तो धरून खाली बसवला. आणि पडद्यावरच्या मुलीने मान वर केली.

"—आवडतोस."

गायिकेने डोळ्यांच्या कडा पुसल्या. सर नाक शिंकरत "हं, ठीक आहे" म्हणाले, म्हणजे अप्रतिम. शाईने कोपऱ्यात पाहिलं.

कोपरा रिकामा होता. तो निघून गेला होता.

मुलगी वाचली, दीड सेकंद वाचले, सगळ्यांनी शाईची पाठ थोपटली. शाई हसत राहिली आणि आतल्या आत कोसळत राहिली. पाच वाजता सगळे गेले. ती एकटी पानं क्रमाने लावत बसली. खिडकीतून पिवळं ऊन पियानोच्या पट्ट्यांवर आडवं पडलं होतं. लावून झालेली पानं तिने विस्कटली आणि परत लावायला घेतली.

"मशीन डावीकडे की उजवीकडे?" दारातून आवाज आला.

त्याचे केस ओले होते, बहुतेक तोंड धुऊन आला होता. शाई उभी राहिली. पानं हातातून सुटली.

"मला माफ करा," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्हाला जे आवडलं ते मी नव्हतेच. ते नुसतं—"

"पान होतं. कळलं." तो आत आला, खाली वाकला, पानं गोळा करू लागला. नोटेशन त्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे निम्मी उलटी. "अकरा दिवस मी त्या दीड सेकंदात बसून होतो. आणि रोज मला त्या माणसाचा राग यायचा."

"कोणत्या?"

"ज्याचा तुम्ही विचार करत होतात! मनात मी त्याला उंच केला, गोरा केला, गाता गळा दिला. इतका राग यायचा, की फ्रॉकच्या घडीचं एक चित्र मी रागात काढलंय. बघा नीट, सतरावी चौकट, घडी जरा करकचून आहे." त्याने मान वर केली, आणि शाईच्या लक्षात आलं की तो हसतोय, केव्हापासूनचा हसतोय. "आणि आज सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात की तिथे कोणी नव्हतंच. कागद होता. मला एवढं हसू येत होतं की सर हाकलून देतील म्हणून बाहेर पळालो."

"तुम्ही… हसत होतात? मी इथे दुपारभर…" शाईला इतका राग आला की रडूच आलं, आणि रडता रडता तीही हसली.

"वाजवा ना ते गाणं," तो म्हणाला. "समोर बसून कधी ऐकलंच नाही. पानं मी उलटतो."

"तुम्हाला कळणार नाही कुठे उलटायचं."

"तुम्ही मान हलवा. इमारतीची रीतच आहे ती."

ती बसली. त्याने स्टूल शेजारी ओढलं. गोळा केलेल्या ढिगात तिचं जुनं, पहिलं, घाईचं नोटेशन होतं, शाईचे डाग पडलेलं. तेच तिने समोर लावलं. वाजवू लागली, गाऊ लागली. सुरुवातीला आवाज कापला, मग सापडला. खिडकी, वारा, ढग. दोन्ही हात सुरांत गुंतलेले, आणि पानाची शेवटची ओळ जवळ येत गेली.

"जाता जाता ऐकून जा… तू मला—"

तिने मान हलवली. त्याने पानाचा कोपरा धरला. उलटलं नाही.

तिने पुन्हा मान हलवली, जरा जोरात. पान हलेना. सूर हवेत विरून गेला.

"उलटा ना," ती कुजबुजली.

"पलीकडे काय आहे?"

"तुम्हाला पाठ आहे."

"चौकटी पाठ आहेत. या वेळी पान मी धरलंय, थांबण्याचं कारण पान नाही." त्याचा आवाज आता चेष्टेतला नव्हता. "मग कशासाठी थांबलात?"

शाईने पट्ट्यांवरून हात उचलले. दोन्ही मोकळे होते. नजर खाली गेली, ओढणीची कड बोटांत आली, तिची एक घडी पडली, आणि आपण काय करतोय हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला हसू फुटलं. तिने मान वर केली.

"तुम्ही मला—"

"गाण्यात 'तू' आहे," तो म्हणाला.

'आ'च्या आधी तिने छोटासा श्वास घेतला. तो त्याने ऐकला.

"आवडतोस," शाई म्हणाली.